ड्रम स्मोकरचं टेम्परेचर हातात राहत नाही? ड्रिल काढायच्या आधी हे क्रमानं बघा

रविवारी दुपारी साताऱ्याहून दाजींचा फोन. "पाव्हणं, कोळसा निम्माच घातलाय तरी काटा १८० वर गेलाय, खालची सगळी भोकं बंद केली तरी उतरंना झालाय, आता काय करू?" मी म्हटलं दाजी, आधी झाकणाला हात लावू नका, मग बाकीचं सांगतो. असा फोन मला दर महिन्या-दोन महिन्याला येतोच. सांगलीत माझा स्वतःचा ड्रम आहे, तो मी तीनदा सुधारलाय, शिवाय शेजारचे, मित्रांचे, पाहुण्यांचे मिळून बरेच ड्रम मार्गी लावलेत आणि तक्रार दरवेळी हीच, टेम्परेचर हातात राहत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

मी बोलतोय तो ड्रम स्मोकर, म्हणजे मंद आचेवर आणि धुरात मांस शिजवायचा २०० लिटरचा लोखंडी बॅरल, आत खाली कोळशाची जाळीची टोपली, तळाजवळ बाजूला हवा आत जायची भोकं, वर मांस ठेवायची जाळी आणि झाकणाला धूर जायचा पाइप. यात आपल्याला ११० ते १३५ सेल्सिअस पाहिजे. मटणाच्या रानेला, म्हणजे अख्ख्या तंगडीला, ११० ते १२० चांगलं, चिकनला १३० च्या वर, नाहीतर कातडी रबरासारखी राहते.

आधी लक्षण ओळखा

तुमचा ड्रम यातलं नेमकं काय करतोय ते बघा, कारण दोन ड्रम वरून सारखेच वागतात पण आतलं दुखणं वेगळं असतं.

काटा अर्ध्या तासात दीडशेच्या पुढे पळतो आणि भोकं बंद करूनही खाली येत नाही.

काटा ९०-९५ ला जाऊन बसतो, काही केल्या वर चढत नाही.

दोन तास सगळं व्यवस्थित, मग हळूहळू विझत जातो आणि उघडून बघितलं तर निम्मा कोळसा तसाच पडलेला.

एकदा वर एकदा खाली, एका जागी ठरतच नाही.

काटा बरोबर दाखवतो पण मांस बाहेरून काळं, हाडाजवळ कच्चं, नाहीतर खाताना जिभेला कडू लागतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातं. ड्रममध्ये उष्णता किती होणार हे कोळसा ठरवत नाही, आत जाणारी हवा ठरवते. कोळसा फक्त किती तास चालणार ते ठरवतो. ५ किलो कोळसा भरलेला घट्ट ड्रम ११५ वर शांत बसतो आणि २ किलोवाला गळका ड्रम दोनशेला जातो. दाजींनी कोळसा निम्मा केला तरी फरक पडला नाही तो यामुळंच. आपल्याकडं चुलीची सवय असते, जाळ वाढला की लाकूड मागं ओढायचं, आणि तीच सवय इथं नडते.

पहिलं: काटा खरं बोलतोय का

यात एक रुपया जात नाही म्हणून हे आधी. झाकणाला लावायचे ते डायलवाले थर्मामीटर स्वस्त मिळतात पण त्यातले कितीतरी पहिल्या दिवसापासूनच चुकीचं दाखवतात, १५-२० अंशाचा फरक तर मी कितीदा बघितलाय. पातेल्यात पाणी खळखळ उकळा, थर्मामीटरची दांडी पाण्यात धरा, बुडाला टेकू देऊ नका, मिनिटभर थांबा. आता इथं लक्ष द्या, पाणी १०० ला उकळतं ते समुद्रसपाटीला. सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं ते ९८ च्या आसपास उकळतं, साताऱ्यात अजून किंचित कमी आणि महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. त्यामुळं सांगलीत काटा ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे. ८५ दाखवत असेल तर तेवढा फरक डोक्यात ठेवा, किंवा डायलच्या मागं नट असेल तर पान्यानं फिरवून जुळवून घ्या.

आता, काटा कुठं बसवलाय? झाकणावरचा काटा झाकणाजवळची हवा मोजतो, तुमचं मांस त्याच्या खाली जाळीवर आहे. शिवाय ड्रमच्या मधोमध आच जास्त असते, कडेला कमी, सुरुवातीच्या तासाभरात तर फारच. ड्रमच्या बाजूला जाळीच्या उंचीला बसवलेल्या आखूड दांडीच्या काट्याला कडेचं कमी टेम्परेचर दिसतं आणि मधली कोंबडी तोवर जळते. एकदा मांस न ठेवता ड्रम पेटवा, ओव्हनमधला थर्मामीटर नाहीतर वायरवाला डिजिटल प्रोब जाळीच्या मध्यावर ठेवा आणि बाहेरच्या काट्याशी ताडून बघा. माझ्या ड्रमला तो फरक १२ अंश आहे, मी मार्करनं ड्रमवरच लिहून ठेवलाय.

आणि एक गैरसमज इथंच काढतो. मटणाचा मोठा तुकडा असला की त्याच्या आतलं टेम्परेचर ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठंतरी येऊन तास-दोन तास हलतच नाही. कारण मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि ते उडताना मांसाला गार ठेवतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. ड्रम बिघडलेला नसतो. लोक इथंच घाबरून सगळी भोकं उघडतात आणि मग आग हाताबाहेर जाते.

दुसरं: आपल्या हाताला आवर

हेही फुकट, आणि सगळ्यात अवघड. झाकण उघडलं की जाळीवरची गरम हवा जाते, काटा खाली येतो, आपल्याला वाटतं थंड झाला. पण त्याच वेळी वरून भसाभस हवा आत जाते आणि निखारे फुलतात. झाकण लावल्यावर १५-२० मिनिटांत काटा आधीपेक्षाही वर जातो. मग माणूस भोकं बंद करतो, मग गार पडतो, मग परत उघडतो. वर-खाली होणाऱ्या ड्रमपैकी निम्म्यांना हाच रोग असतो.

माझी पद्धत अशी: एका वेळी एकच बदल, एकच भोक, तेही अर्धं, आणि त्यानंतर घड्याळ लावून वीस मिनिटं ड्रमकडं जायचंच नाही. लोखंड तापायला आणि निवायला वेळ घेतं, तुम्ही आत्ता केलेला बदल काट्यावर आत्ता दिसत नाही. झाकण उघडायचं तर कामाची तयारी हातात घेऊनच, पलटायचं, मसाला लावायचा, बंद. आणि उघडायच्या आधी खालची भोकं मिटून घ्यायची.

वरचा धुराचा पाइप मात्र कायम पूर्ण उघडा. टेम्परेचर कमी करायला लोक तो झाकतात, त्यामुळं धूर आत कोंडतो, मांसावर काजळी बसते आणि तोच तो कडवटपणा. आच कमी-जास्त करायची ती खालूनच.

तिसरं: पेटवता कसं

दाजींना विचारलं कोळसा किती पेटवला, तर म्हणाले सगळाच, लालबुंद झाल्यावर झाकण लावलं. शेगडीवर कबाब भाजायचे असतील तर ते बरोबर आहे. ड्रममध्ये सगळा कोळसा एकदम पेटलेला असला की तुम्ही दीडशेच्या वरूनच सुरुवात करताय आणि तिथून खाली येणं म्हणजे उतारावर सुटलेली बैलगाडी अडवणं.

टोपलीत न पेटलेला कोळसा भरा, मध्ये वाटीएवढा खड्डा ठेवा आणि वेगळे पेटवलेले दहा-बारा निखारे त्या खड्ड्यात टाका. याला मिनियन मेथड म्हणतात. आग मधून हळूहळू बाहेर सरकते, एकावेळी थोडाच कोळसा जळतो. माझ्या ड्रममध्ये साडेचार किलो कोळसा असा आठ तास निवांत जातो. निखारे करायला ५ लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, वरचं-खालचं झाकण कापून टाका, खालच्या बाजूला भोकं पाडा, बुडाशी आडव्या तारा घाला, वर कोळसा, खाली पेपरचे बोळे, दहा-पंधरा मिनिटांत निखारे तयार. पकडायला मात्र सांडशी नाहीतर चामड्याचे हातमोजे घ्या. रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही वापरायचं नाही, वास मांसात उतरतो आणि पेट्रोलच्या वाफेचा भडका तर अंगावरच येतो.

आणि चढताना पकडायचं. निखारे टाकून सगळी भोकं उघडी ठेवून काटा चढू द्या, ९५ ला आला की एक भोक बंद, १०५ ला दुसरं. ११५ वर येऊन मग बंद करायला घ्याल तर तो त्याच जोरावर १४० ला जाऊन थांबतो.

चौथं: राख, चुरा आणि कुंभारीण

दोन तास चांगला चालून मग मरणारा ड्रम असेल तर नव्वद टक्के इथंच सापडेल. टोपली तळाला टेकलेली असेल तर राख साचून खालून हवा बंद होते. टोपलीला तीन-चार इंचाचे पाय पाहिजेत आणि खाली राख पडायला एक जुनं ताट. पोत्यातला कोळसा सरळ ओतू नका, पोत्याच्या तळाला चुराच चुरा असतो आणि तो फटींत बसतो. मी वाळूच्या चाळणीतून चाळून घेतो, लिंबाएवढे ते मुठीएवढे तुकडे टोपलीत, त्याहून मोठे हातोडीनं फोडायचे, चुरा झाडांना. नुसते मोठे गड्डे टाकले तर मध्ये फटी राहतात, हवा मोकळी पळते आणि काटा उड्या मारतो.

आणि हे माझ्याच ड्रमला झालेलं सांगतो. दिवाळीनंतर महिनाभर ड्रम नुसता उभा होता, पेटवला तर ९० च्या वर जाईना. कोळसा बदलला, निखारे वाढवले, दुपार गेली. शेवटी हवेच्या भोकांना बसवलेल्या पाइपात बोट घातलं तर आत मातीचं टणक घर, कुंभारीण माशीनं चार पाइपांपैकी दोन चक्क लिंपून टाकले होते. तेव्हापासून पेटवायच्या आधी प्रत्येक पाइपात स्क्रू ड्रायव्हर फिरवतोच.

पाचवं: कोळसा ओला आहे की कच्चा

आखाडात सगळ्यांना मटण आठवतं आणि नेमका त्याच दिवसांत कोळसा ओल धरतो. कोळसा वरून कोरडा दिसला तरी हवेतली ओल पितो, मग पेटताना चुरचुरतो, पांढरा दाट धूर सोडतो आणि निम्मी आच पाणी उडवण्यातच जाते. उन्हाळ्यात घेऊन ठेवा आणि झाकणाच्या प्लास्टिक बॅरलमध्ये भरा, पोतं अंगणात फरशीवर ठेवू नका. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पत्र्यावर पसरून दोन दिवस ऊन द्या.

कच्चा कोळसा म्हणजे नीट न जळालेलं लाकूड. ओळखायचं असं की दोन तुकडे एकमेकांवर आपटा, पक्का कोळसा काचेसारखा टणकन वाजतो, कच्चा लाकडासारखा थप्प. फोडून बघितला तर आत तपकिरी दिसतो. असा तुकडा ड्रममध्ये पेट घेतो तेव्हा निखारा न होता ज्योत होते, तेवढ्यापुरता काटा वर जातो आणि धूर डोळ्याला झोंबतो. आपल्याकडं बाभळीचा चांगला मिळतो, ओळखीच्या वखारीतून दोन-तीन तुकडे वाजवूनच घ्यावा. साखर कारखान्याच्या बाजूला बगॅसच्या कांड्या मिळतात, त्या बॉयलरसाठीच्या, कोळसा नव्हे, त्या नकोत.

धुरासाठी लाकूड घालता ते पण आच वाढवतं हे लक्षात ठेवा. पेरू, आंबा, चिंच, बाभूळ, यातला वाळलेला मुठीएवढा एखाद-दुसरा तुकडा पुरे. तासगाव-पलूसकडं द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या ढिगानं पडतात आणि द्राक्षाचा धूर खरंच सुरेख लागतो, पण आपल्या बागांवर वर्षभर फवारण्या असतात, बोर्डो, बुरशीनाशकं, कीडनाशकं, ते सगळं त्या काडीच्या सालीवर बसलेलं असतं. मी स्वतः बागायतदाराच्या घरचा असून ड्रममध्ये ती काडी घालत नाही. कण्हेर तर विषारीच, आणि रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, पेटीची फळी काहीच नको.

सहावं: वारा

वाऱ्याच्या बाजूला हवेचं भोक आलं की समजा कोणीतरी भात्यानं फुंकतोय. दाजींचा ड्रम गच्चीवर होता, सातारा म्हटल्यावर वाऱ्याला काही कमी नाही, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या. फोनवर त्यांना म्हटलं, उघडं भोक वाऱ्याच्या पाठीकडं करा, म्हणजे त्या बाजूचं उघडं आणि वाऱ्याकडचं बंद, आणि एक पत्रा आडोशाला उभा करा. पत्रा ड्रमपासून दोन-अडीच फूट लांब, चिकटवून नाही. तापलेला ड्रम हलवायला मात्र जायचं नाही, कितीही वाटलं तरी.

ऊन पण मोजा. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी ४० च्या आसपास असतं आणि काळा ड्रम उन्हात उभा असला की पेटवायच्या आधीच गरम लागतो. त्या दिवसांत एक भोक कमीच लागतं.

सातवं: गळती, म्हणजे खरा चोर

सगळी भोकं बंद केली तर ड्रम अर्ध्या-पाऊण तासात उतरायला लागला पाहिजे आणि शेवटी विझला पाहिजे. विझत नसेल तर हवा कुठून तरी येतेच आहे. ही एक टेस्ट सगळ्यांनी करावी, कारण जो ड्रम बंद होत नाही तो ताब्यात पण राहत नाही.

माझा पहिला ड्रम २०१९ च्या महापुरात दहा दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, घासला, तेल लावून जाळला, वरून एकदम ठणठणीत. पण त्यानंतर तो कधीच १५० च्या खाली राहिला नाही. दोन महिने मी झाकणालाच दोष देत होतो. एका रात्री लाईट गेले होते, सहज म्हणून मोबाईलची बॅटरी लावून आत सोडली आणि झाकण लावलं. तळाच्या शिवणीच्या कडेकडेनं बारीक बारीक उजेड बाहेर येत होता, सुईच्या टोकाएवढा, काही ठिकाणी केसासारखी रेघ. खडूनं खुणा करत गेलो तर अकरा जागा. दिवसा तिथं फक्त तांबेरा दिसायचा, बोट फिरवलं तरी कळत नव्हतं. तळ गंजून आतून खाल्ला गेला होता आणि ही सगळी हवा बरोबर कोळशाच्या खालून जात होती. नीट कळलं तेव्हा मला त्या ड्रमला इतके दिवस शिव्या दिल्याचं वाईट वाटलं.

तर रात्री ही बॅटरीची टेस्ट करा, ड्रम गार असताना. पैसे लागत नाहीत.

झाकणाची गळती बघायला आपली घरचीच युक्ती आहे. बिर्याणीच्या हंडीला दम देताना कडेनं कणीक लावतो ना, तशीच घट्ट कणीक झाकणाच्या कडेनं सगळीकडं लावा आणि मांस न ठेवता ड्रम चालवा. कणकेनं ड्रम शहाण्यासारखा वागला तर दोष झाकणाचाच, आता खर्च करायला हरकत नाही. नाही वागला तर झाकणावर पैसे घालू नका, गळती खाली आहे. झाकणातून निघणारी वाफ-धूर त्या मानानं कमी त्रास देतो, खालची गळती जास्त, कारण खालून येणारी हवा थेट निखाऱ्याला लागते.

झाकणासाठी फायबरग्लासची दोरी मिळते, बॉयलरचं सामान विकणाऱ्या दुकानात ग्लास रोप म्हणून मागा. काही ठिकाणी अजून ॲस्बेस्टॉसची दोरी पुढं करतात, ती घेऊ नका, त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि आपण यावर जेवण करणार आहोत. बारीक भोकांना इपॉक्सी पुट्टी पण नको, तापली की ती जळते आणि वास सुटतो. एखाद-दुसरं भोक असेल तर स्टीलचा बोल्ट, दोन वॉशर, आवळून टाका.

हवेच्या भोकांवर चुंबक लावणारे पण बरेच आहेत. फ्रीजवरचं रबरी चुंबक तापलं की पकड सोडतं. दाजींकडं शेवटी हेच सापडलं. वाऱ्याकडच्या भोकावरचं चुंबक कधीच खाली पडलं होतं, ड्रमच्या मागच्या बाजूला असल्यानं त्यांना दिसलंच नाही. आता त्यांनी तिथं पाऊण इंची निपल, म्हणजे आटेवाला आखूड पाइप, आणि कॅप बसवलीय, आणि एका भोकाला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे उभं राहून हातानं कमी-जास्त करता येतं.

आठवं: मापं

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी जमत नसेल तर मग मोजपट्टी घ्या. ड्रिल आता, त्याआधी नाही, कारण पाडलेलं भोक परत येत नाही. खाली पाऊण इंची चार भोकं पुरतात, त्यांचा मिळून मार्ग साडेअकरा चौरस सेंटीमीटरच्या आसपास. वरचा पाइप दोन इंची असेल तर तो वीसच्या आसपास. बाहेर जायची वाट आत येण्यापेक्षा मोठीच पाहिजे, नाहीतर धूर कोंडतो आणि काटा ९०-९५ ला अडकतो. मी बघितलेल्या एका ड्रमला खाली सहा मोठी भोकं आणि झाकणाला एकच अर्धा इंची पाइप होता, बिचारा जळणार कसा.

कोळशाच्या टोपलीच्या बुडापासून मांसाच्या जाळीपर्यंत २४ इंच अंतर ठेवा. १५-१६ इंचावर जाळी असेल तर काटा बरोबर असला तरी खालची धग थेट मांसाला लागते, हाडाजवळ कच्चं आणि बाहेर काळं त्यातूनच होतं. अंतर वाढवता येत नसेल तर मध्ये कुंडीखालची मोठी मातीची ताटली ठेवा, धग अडते आणि चरबी पण निखाऱ्यावर पडत नाही. मसाल्यात गूळ किंवा साखर असेल तर तो शेवटच्या अर्ध्या तासात लावा, काटा बरोबर असला तरी गूळ काळा पडतो. आणि शिजलं का ते रंगावर नको, चिकन हाडाजवळ ७४ सेल्सिअस झालं पाहिजे.

टोपली आणि जाळी साध्या लोखंडाची नाहीतर स्टेनलेसची. हार्डवेअरमध्ये चकचकीत जीआय जाळी स्वस्त मिळते, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, निखाऱ्याजवळ तापला की त्याचा धूर अंगाला वाईट.

आता इथं थांबा

तळाला हातोडीचा हलका ठोका द्या. ठण्ण वाजला तर ठीक. दबला, भुगा पडला, तर डागडुजी करत बसू नका, तळ बदलायचं काम फॅब्रिकेटरचं आहे, आणि बऱ्याचदा तोच सांगेल की दुसरा ड्रम घ्या. माझा पुरातला मी भंगारात दिला.

ड्रममध्ये आधी काय होतं हे विकणारा सांगू शकत नसेल तर घेऊच नका. केमिकल, थिनर, औषधांचा ड्रम कितीही धुतला तरी नको. आणि पेट्रोल-सॉल्व्हंट असलेल्या रिकाम्या ड्रमला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावणं म्हणजे जीवाशी खेळ, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. कापायचं-जोडायचं असेल तर नवा नाहीतर खाद्यतेलाचा ड्रम, आणि काम फॅब्रिकेटरकडून. आतून रंग किंवा पिवळट अस्तर असेल तर आधी मोकळ्या जागी लाकडाचा मोठा जाळ करून ते पूर्ण जाळून घासून काढावं लागतं. पापुद्रे राहत असतील तर तो ड्रम जेवणाचा नाही.

चरबीनं पेट घेतला, पाइपातून ज्वाळा यायला लागल्या, तर झाकण उघडू नका आणि पाणी मारू नका. खालची भोकं बंद, आणि या एकाच वेळी वरचा पाइप पण बंद, हातमोजा घालून, आणि मग लांब व्हा. घट्ट ड्रम स्वतःच विझतो. पाच मिनिटांत जोर कमी झाला नाही किंवा आजूबाजूला काही पेटलं तर ११२ लावा, मटण गेलं तर जाऊ दे.

पाऊस आला म्हणून ड्रम शेडमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्याखाली घेऊ नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. जवळ बसलेल्या कोणाचं डोकं जड झालं, चक्कर आली, मळमळलं, तर उन्हानं झालं असेल म्हणून सोडू नका, माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. रात्री गरम राख-निखारे घरात आणून ठेवायचे नाहीत, भोकं बंद करून ड्रम जागेवरच राहू दे, सकाळी राख काढा.

दाजींचा परवा परत फोन होता, सहा तास ११८ ते १२४. रान हाडावरून हातानं सुटली म्हणाले, आणि रस्सा ताईनं वेगळा केला होता.